दर रविवारी अर्धं बोट

मलगा बेंडवर एक कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्याच्या खोगिराला हात लावायचा नाही. विंटन गावापासून पश्चिमेला दीडशे किलोमीटरवरचं हे गुरांचं रान. इथला माणूस तुम्हाला अंगातला शर्ट देईल, तंबाखू देईल, फार गळ घातलीत तर दात घासायचा ब्रशसुद्धा देईल. पण त्याच्या रिकिबीचा पट्टा एक भोक वर-खाली केलात की संपलं. गुरं हाकायला घोडे जाऊन मोटारसायकली आल्या त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. कायदा मात्र तसाच राहिला, फक्त घोड्यावरून उतरून गाडीच्या सीटवर येऊन बसला. क्लॅरी बोडननं तरुणपणी याच कारणावरून एकाचे दोन दात पाडले होते, आणि अडुसष्टाव्या वर्षीही ती हकीकत सांगताना त्याची मूठ आपोआप वळायची.

त्याच क्लॅरीच्या सीटला आज सुरी लागणार होती, आणि ती लावणार होती त्याची लग्नाची बायको.

रविवारची दुपार होती. कोकराची भाजलेली तंगडी, बटाटे आणि वर दोन वाट्या कस्टर्ड रिचवून क्लॅरी आतल्या खोलीत घोरत पडला होता. रविवारी तो दोन तास झोपायचा, घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमानं. नोलानं गाडीचे दोन बोल्ट काढून सीट स्वयंपाकघरात आणली होती, टेबलावर उलटी टाकून कव्हराचे टाके एकेक करून उपसले होते, आणि आता पाव कापायची दातेरी सुरी हातात धरून ती त्या पिवळ्या फोमकडं बघत उभी होती. तिचा बाप विंटनमधला नावाजलेला खोगीरवाला. त्याच्या दुकानात ती रांगायला शिकली होती. मालकानं तोंडानं सांगितल्याशिवाय बाप कुणाच्या खोगिरातला एक केस हलवत नसे. "बाबा, माफ कर," असं ती छताकडं बघून म्हणाली आणि तिनं अर्धं बोट जाडीचा थर काढला. लोणी कापल्यासारखा निघाला.

तिला हे का करावं लागलं, त्याचं कारण ब्रॉनीनं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. ब्रॉनी ही रानाची मालकीण. बाप वारल्यापासून सगळा कारभार तीच बघायची. वय चाळीसच्या आसपास, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मन चांगलं. तिला पहिल्यांदा मोटारसायकलवर बसवलं ते क्लॅरीनंच, आठ वर्षांची असताना. म्हणून ती अजून त्याला काका म्हणायची, आणि म्हणूनच सांगताना तिची जीभ जड झाली होती.

"काका, गेल्या हंगामात तुम्ही ओढ्यात दीड तास गाडीखाली पडून होतात. पवनचक्कीवाल्या लेस्टरला दिसलात म्हणून वाचलात. नाहीतर काय झालं असतं?"

"काय व्हायचंय? निवांत पडलो होतो. सावली होती."

"तीन बरगड्या मोडल्या होत्या."

"एकूण चोवीस असतात."

"ऐका माझं. थांबल्यावर तुमचे पाय जमिनीला पोचत नाहीत. नुसती बोटं टेकतात. या वेळी हाकणीच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना बघणार आहे. गाडी थांबवायची आणि दोन्ही पाय जमिनीवर, टाचेसकट. ज्याला जमणार नाही तो नोलाकाकूबरोबर जेवणाच्या गाडीत."

क्लॅरीचा चेहरा जेवणाच्या गाडीचं नाव ऐकताच पडला. नोलाचा त्याहून जास्त पडला. ती मलगा बेंडची स्वयंपाकीण. हाकणीच्या, म्हणजे रानभर पांगलेली गुरं गोळा करायच्या दिवसांत सगळा मुदपाकखाना गाडीत घालून माणसांमागं फिरायची. शेजारी क्लॅरी बसला तर गिअर कधी बदल, खड्डा कसा चुकव, भाजीत मीठ किती टाक, हे सगळं ऐकावं लागलं असतं. त्यांचा त्रेचाळीस वर्षांचा संसार सुखाचा झाला होता, कारण दिवसा दोघं दोन वेगळ्या गाड्यांवर असायचे.

पण खरं कारण ते नव्हतं. बरगड्या मोडल्यावर क्लॅरी सहा आठवडे व्हरांड्यात बसून होता. पहिल्या आठवड्यात त्यानं शिव्या दिल्या. दुसऱ्यात कुरकुर केली. तिसऱ्यापासून गप्प झाला. दाढी करीना, कुत्र्याशी बोलेना, पुढ्यात ठेवलेला चहा थंड होऊ देई. गाडीवर परत बसला त्या दिवशी माणूस पुन्हा माणसात आला. नोलानं ते सहा आठवडे पाहिले होते आणि तिला ते पुन्हा पाहायचे नव्हते. नवरा जिवंत असताना विधवा झाल्यासारखं वाटलं होतं तिला.

सीट खाली घे, असं तिनं एकदा उघड सुचवून पाहिलं होतं. क्लॅरी म्हणाला, "सीट पोरासोरांची खाली करतात. मी पोर आहे?"

म्हणून सुरी. हाकणीला अकरा आठवडे होते. एकदम कापलं तर आंधळ्यालाही कळलं असतं. दर रविवारी अर्धं बोट कापलं तर क्लॅरीलाही कळणार नव्हतं. तिनं टाके घातले, सीट बसवली, फोमचा तुकडा चुलीत टाकला आणि चहाचं पाणी चढवलं. क्लॅरी डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "कसला वास येतोय?"

"तुझ्या मोज्यांचा," नोला म्हणाली.

आता गंमत अशी झाली, की त्याच आठवड्यात टपालाच्या गाडीतून क्लॅरीचं एक पार्सल आलं. विंटनच्या शर्यतींत त्याला कुणीतरी पटवलं होतं, की सांधे आखडल्यावर घोरपडीच्या तेलासारखं औषध नाही. चोळा आणि बघा. त्यानं डझनभर बाटल्या मागवल्या होत्या. पहिली बाटली उघडली तेव्हा व्हरांड्यातला कुत्रा उठला आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्ये राहायला गेला.

कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली. दुसऱ्या रविवारनंतर क्लॅरी गाडीवर बसला, पाय खाली सोडले आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"नोला! ए नोला! बाहेर ये. बघ, पाय बघ."

"काय झालं पायाला?"

"सुटलाय! कंबर सुटलीय. इतका खाली जात नव्हता. तेल आहे बरं का हे, पाणी नव्हे."

नोलानं कणकेचे हात एप्रनला पुसले. "खरंच की रे," ती म्हणाली, आणि आत जाऊन तोंडात फडकं कोंबून हसली.

चौथ्या रविवारनंतर तो सकाळ-संध्याकाळ चोळू लागला. पाचव्यानंतर प्रचाराला लागला. जेवायला बसलेल्या गुराखी पोरांना पँटचा पाय वर करून गुडघा दाखवायचा. सहा पोरांपैकी तिघांनी बाटल्या घेतल्या. त्यांतल्या एकाला तर सांध्यांचं काही दुखणंही नव्हतं, पण म्हाताऱ्याची प्रगती बघून त्याला वाटलं आधीच चोळून ठेवलेलं बरं. स्वयंपाकघरात असा वास सुटला, की नोलानं तिघांचं ताट बाहेर पायरीवर वाढायला सुरुवात केली. आपल्याच पापाचा वास हा, असं मनाशी म्हणत ती नाक धरून वाढायची.

पण फोमला काही अंत असतो. त्याला अजून टाचा टेकत नव्हत्या. आता गाडीच खाली आणायला हवी होती, आणि ते काम पावाच्या सुरीनं होणारं नव्हतं. नोला लेस्टरकडं गेली.

लेस्टर बोअरवेलींची आणि पवनचक्क्यांची देखभाल करायचा. त्याचं घराणं या मुलखात कुंपणाची पहिली तार यायच्या कितीतरी आधीपासूनचं. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली कांडी खाली ठेवली.

"मावशी, माझे अजून सगळे दात शाबूत आहेत. कशाला घालवू?"

"त्याला कळणार नाही."

"तू त्याची सीट कापलीस?" लेस्टरनं आवाज खाली आणला. "क्लॅरीची? देवा. माझ्या बापानं सांगितलेलं, त्या माणसाच्या टोपीला हात लाव, बुटाला लाव, पण..."

"मला तो जेवणाच्या गाडीत हवा आहे का नको, ते तू विचारूच नकोस. व्हरांड्यात बसलेला तू त्याला पाहिलं होतंस ना?"

लेस्टरनं पाहिलं होतं. गाडीखालून क्लॅरीला ओढून काढणारा तोच होता. त्यानं कांडी पुन्हा उचलली आणि म्हणाला, "फळांचा केक लागेल. दोन."

"तीन देते."

मागच्या शॉकअपखाली दोन पट्ट्या असतात. त्या जरा लांब टाकल्या की गाडीची मागची बाजू खाली बसते. लेस्टरनं जाड पोलाद कापून तशा नव्या केल्या. आठव्या रविवारी, क्लॅरी घोरत असताना, दोघांनी गाडी तेलाच्या पिंपावर टेकवून त्या बसवल्या, पुढचे शॉकअप पकडीतून वर सरकवले आणि सगळ्यावर ओल्या चिखलाचा हात फिरवला. काम झकास झालं. सोमवारी सकाळी क्लॅरी एकदम दोन बोटं उंच झाला. त्या दिवशी त्यानं तेलवाल्याला आभाराचं पत्र लिहिलं.

आणि दुपारी गाडी पडली.

नुसती उभी होती आणि पडली, नोलाच्या टोमॅटोंवर. क्लॅरीनं ती उचलली, स्टँडवर लावली, आत आला. बाहेर पुन्हा धाडकन आवाज. तिसऱ्यांदा ती कोंबड्यांच्या पाण्यावर पडली. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं म्हणतात तसं झालं होतं. सगळी गाडी खाली आणली, पण साईड स्टँड होता तेवढाच लांब राहिला. त्यामुळं गाडी कलायच्या ऐवजी ताठ उभी राहायची आणि वाऱ्याची झुळूक आली की पलीकडं जायची. नोलाच्या हे लगेच लक्षात आलं. लक्षपूर्वक बघणाऱ्या कुणाही माणसाला कळलं असतं.

क्लॅरीनं लक्षपूर्वक पाहिलं. वाकून पाहिलं, जमिनीवर पालथं पडून पाहिलं, मग उठला आणि बूट आपटला.

"जमीन," तो म्हणाला.

"काय जमिनीला?"

"फुगलीय. यंदा पाऊस जास्त झाला ना, काळी माती फुगते. सगळं अंगण वाकडं झालंय बघ."

नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यानं असं अक्षरशः म्हणावं आणि आपल्याला हसताही येऊ नये, याचं नोलाला फार वाईट वाटलं. संध्याकाळी तो आंघोळीला गेल्यावर लेस्टरनं स्टँड दीड बोट कापून पुन्हा जोडून दिला. दुसऱ्या दिवशी गाडी नीट कलून उभी राहिली आणि क्लॅरी सगळ्यांना सांगत सुटला, की माती रात्रीत बसली.

हाकणी सुरू झाली ती जूनमधल्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातल्या, गार, कोरड्या सकाळी. तोंडातून वाफा निघत होत्या. पोरं रांगेत गाड्या घेऊन उभी, ब्रॉनी हातात चहाचा मग धरून समोर. एकेक जण यायचा, थांबायचा, पाय टेकायचा. नोला जेवणाच्या गाडीच्या पायरीवर उभी होती. शेजारची सीट तिनं कांद्याच्या पोत्यांनी भरून टाकली होती, शकुन म्हणून. तरीही तिचे हात एप्रनमध्ये घट्ट वळलेले होते. अकरा आठवड्यांच्या चोरीचा निकाल आज लागणार होता.

क्लॅरी सगळ्यात शेवटी आला. मुद्दाम उतारावर आला, तोल सांभाळत थांबला आणि दोन्ही बूट खाली ठेवले. टाचेसकट. टेबलाचे पाय ठेवल्यासारखे.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "तेल! तेल!" असा कुणीतरी गजर केला. ब्रॉनीनं एकदा क्लॅरीच्या टाचांकडं पाहिलं, एकदा मागच्या चाकाकडं, मग बराच वेळ नोलाकडं. नोला आभाळात घारी मोजू लागली. ब्रॉनीनं उरलेला चहा जमिनीवर फेकला.

"पास," ती म्हणाली. "चला, उत्तरेच्या कुंपणापासून सुरू करू."

दोन दिवस सोन्यासारखे गेले. आपसांत बोलायच्या रेडिओवर क्लॅरीचा आवाज सारखा यायचा. याला ओरड, त्याला शिकव, अमुक गाय अशी आणि तमुक बैल तसा. नोला बटाटे सोलत ऐकायची. कुणाची कटकट इतकी गोड वाटू शकते हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आवाज बंद झाला.

तिनं दहा मिनिटं वाट पाहिली. मग वीस. रेडिओ उचलून हाक मारणार इतक्यात झाडीतून गाडीचा आवाज आला. क्लॅरी सावकाश आला आणि उतरला. खिशातून पाना काढून त्यानं सीटचे दोन बोल्ट सोडवले आणि सीट काखेत मारून सरळ तिच्या टेबलापाशी आला. नोलाला समजलं. पितळ उघडं पडलं होतं.

"वारुळावर अडकलो," तो म्हणाला. "गाडीचं पोट टेकलं. पस्तीस वर्षं त्या वारुळांवरून उड्या मारतोय, कधी टेकलं नाही. आडवी पाडून सोडवली तर खाली चिखल खरवडला गेलेला, आणि आत नव्याकोऱ्या पट्ट्या. चकाकत होत्या." त्यानं सीट सोललेल्या बटाट्यांशेजारी ठेवली. "मग ही काढून, टाके उसवून बघितली."

पोरं जेवायला जमली होती. सगळी आपापल्या ताटात बघायला लागली. लेस्टरनं हळूच तोंडावर हात ठेवला, दातांच्या काळजीनं.

"कुणी कापली?"

"मी," नोला म्हणाली. खोटं सांगायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"कधी?"

"मार्चपासून. रविवारी. तू घोरत असायचास तेव्हा."

"म्हणजे तेल..."

"तेलानं कुत्रा पळाला. तेवढाच त्याचा गुण."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. क्लॅरी हसला नाही. त्यानं कव्हराची कड उचलली आणि फोमवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाणकार माणूस घोड्याच्या पाठीवरून फिरवतो तसा. अंगठा डावीकडं थांबला.

"विंटनच्या खोगीरवाल्याची मुलगी तू," तो म्हणाला. "आणि तुला सरळ कापता येत नाही? डावीकडं जास्त गेलंय."

"सरळच कापलंय. वाकडा तू आहेस."

"काय?"

"तुझा डावा पाय आखूड पडतो. आज नाही, तीन वर्षं झाली. उजव्या बुटाची टाच झिजते, डावीची तशीच राहते. पायरी चढताना आधी उजवा टाकतोस. गाडीवर बसताना कुणी बघत नाही ना, हे आधी बघतोस." तिनं फोमच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "म्हणून डावीकडं जास्त कापलं. तो आधी पोचायला हवा होता."

क्लॅरी उलट्या घातलेल्या टोपलीवर बसला. त्या पायाबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता. डॉक्टरशी नाही, ब्रॉनीशी नाही. रात्री अंथरुणात कूस बदलतानासुद्धा त्यानं दात दाबून धरले होते, म्हणजे तिला कळू नये.

"मला वाटलं, तुला माहीत नाही," तो म्हणाला.

"तुझे बूट रोज मी पुसते, म्हाताऱ्या."

चुलीवर रस्सा खदखदत होता. पोरांनी ताटं उचलली आणि एकेक करून पलीकडं, गाड्यांपाशी जाऊन बसली. लेस्टर सगळ्यांत आधी. नोला वाट बघत उभी राहिली. फोम पुन्हा भर म्हणेल. पट्ट्या काढ म्हणेल. तसं म्हणाला तर ती करून देणार होती, कारण खोगीर त्याचं होतं आणि शब्द त्याचाच होता. मग उद्या तो कांद्याच्या पोत्यांच्या जागी येऊन बसेल, पुढच्या महिन्यात व्हरांड्यात, आणि चहा थंड होईल. तिला रडू आलं आणि तिनं ते कांद्यावर ढकललं, पण कांदा त्या वेळी टेबलावर नव्हता.

"दुसऱ्या कुणी केलं असतं ना," क्लॅरी म्हणाला.

"माहीत आहे."

"आत अजून किती उरलाय?"

तिनं फोममध्ये बोटं रुतवून पाहिली. "दोन बोटं. मग पत्रा."

त्यानं डावा पाय पुढं ताणला, गुडघा दोन्ही हातांनी दाबला आणि पहिल्यांदाच, तिच्यासमोर, मोठ्यानं कण्हला. मग टेबलावरची दातेरी सुरी उचलून मुठीकडून तिच्यापुढं धरली.

"डावीकडं अजून अर्धं बोट घे. उतारावर टाच टेकताना कळ येते."

"आत्ता?"

"आत्ताच," क्लॅरी म्हणाला आणि त्यानं सीट दोन्ही हातांनी टेबलावर घट्ट दाबून धरली. "मी जागा आहे तोवर."